अप्पांच्या भाषणाची वायर

“मॅडम, केक कुठं ठेवू?”

मी वळून पाहिलं. व्हॅनच्या मागच्या दारात विकी लोंढे उभा होता आणि त्याच्या मागे चौघेजण पालखी धरावी तसा एक केक धरून. केकवर हणमंतराव ढोणे ऊर्फ अप्पा यांचा चेहरा होता. उन्हानं त्यांची डावी मिशी ओघळून हनुवटीपर्यंत आली होती.

“कुठंही ठेवा. इथं नको.”

“फ्रिज आहे ना तुमच्यात?”

“आहे. रक्ताचा आहे.”

“मग त्यातच, कडेकडेनं. रक्त खाली, केक वर.”

मी नाही म्हटलं. विकीला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. अप्पा ढोण्यांच्या युवा आघाडीचा तो अध्यक्ष होता आणि अप्पांच्या वाढदिवशी बोरसरमध्ये त्याला कुणी नाही म्हणत नसे. केक शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला आणि मुख्याध्यापक बाहेर आले.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. शहरातल्या एका धर्मादाय रक्तपेढीत वैद्यकीय अधिकारी म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं. आमची ती व्हॅन म्हणजे एक लांबलचक बस. आत रक्तदात्यांसाठी चार कॉट, एसी, आणि मागच्या बाजूला माणसाच्या उंचीचा फ्रिज. हे सगळं चालायचं बसच्या पोटात बसवलेल्या जनरेटरवर. गाडीचं इंजिन बंद असलं तरी तो चालू. जनरेटर रुसला तर फ्रिजपुरती वेगळी बॅटरी होती. खेडोपाडी वीज असेल नसेल, आमची वीज आम्ही बरोबर घेऊन फिरायचो.

एप्रिल होता. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढीची कपाटं रिकामी पडतात. आमच्याकडं थॅलेसेमियाची मुलं यायची. त्यांना दर पंधरवड्याला रक्त चढवावंच लागतं, त्याला सुट्टी नसते. त्या आठवड्यात मी तीन आयांना ‘दोन दिवसांनी या’ म्हणून परत पाठवलं होतं. म्हणून अप्पांच्या वाढदिवसाच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा आमचे संचालक डॉ. चिटणीस यांनी ते देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं.

“नलिनी, तू जा,” ते म्हणाले. “आणि हे बघ, त्या माणसाला दुखवू नकोस. पुढच्या वर्षभराची शिबिरं त्यांच्या हातात आहेत.”

बोरसरच्या शाळेच्या मैदानात आम्ही पोचलो तर रस्त्यापासून मैदानापर्यंत अप्पाच अप्पा होते. फोनवर बोलणारे अप्पा, गॉगल लावलेले अप्पा, वाघाशेजारी बसलेले अप्पा. प्रत्येक फलकाखाली ‘रक्ताच्या थेंबाथेंबात जनसेवा’ असं लिहिलं होतं. खरे अप्पा तेव्हा जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि त्यांना आमदारकीचं तिकीट हवं होतं. पक्षाचे निरीक्षक त्या दिवशी मुंबईहून येणार होते. वाढदिवस, केक, रक्त, सगळा थाट त्यांच्यासाठी. गर्दी दिसली पाहिजे आणि अप्पांचं भाषण गाजलं पाहिजे, एवढीच योजना होती.

रक्त देणाऱ्याला अप्पांचा फोटो छापलेली बॅग मिळत होती. त्यामुळं सकाळपासून रांग बरी होती. त्या रांगेत ठकूबाई होती. बाजारात भाजी विकणारी, पन्नाशीची, अंगानं काडी. बोटातून थेंब घेऊन तपासला तर हिमोग्लोबिन इतकं कमी की मलाच तिला रक्त द्यावंसं वाटलं.

“मावशी, तुमचं नाही घेता येणार. तुमच्यातच कमी आहे.”

“कमी म्हंजे? चालती बोलती हाय न्हवं मी?”

“चालताय म्हणून काय झालं? गोळ्या लिहून देते.”

“गोळ्या राहू द्या. माझ्या सुनेला बाळंतपणात दोन बाटल्या चढवल्या गेल्या साली. कुणाच्या होत्या देव जाणे. ते फेडायचं हाय मला.”

“तुमच्याऐवजी घरातलं दुसरं कोणी दिलं तरी चालतं.”

ती तडक निघून गेली. अर्ध्या तासानं नवऱ्याच्या दंडाला धरून परत आली. मागं दीरही होता, तो आधीच घाम पुसत होता. दोघांना तिनं शेजारशेजारच्या कॉटवर झोपवलं आणि मधे उभी राहिली, म्हणजे कुणी उठून पळायला नको. पुढं सांगायला नको, तिनं बॅगा दोन्ही घेतल्या आणि “हे तोंड भाजीवर कशाला?” म्हणत अप्पांचा फोटो आतल्या बाजूला येईल अशा त्या उलट्या करून घेतल्या.

दुपारपर्यंत फ्रिजमध्ये साठावर पिशव्या झाल्या. मनातल्या मनात माझे त्या तीन आयांना फोन करून झाले होते.

आणि मैदानातली वीज गेली.

त्यात कुणाचा दोष असं म्हणता येणार नाही. विकीच्या पोरांनी रोषणाईसाठी खांबावरच्या तारेवर आकडे टाकले होते, तेवढं सोसण्याची सवय त्या खांबाला नव्हती. मंडपवाल्याचा जनरेटर होता, पण त्यातलं डिझेल सकाळी काढून मोटारींच्या रॅलीतल्या जीपांमध्ये घातलं होतं. नवीन डिझेल आणायला गेलेला माणूस त्याच रॅलीत अडकला होता. मंचावर निरीक्षक येऊन बसले होते. अप्पा फेटा बांधून तयार होते. आणि माईक मुका.

अशा वेळी अंकुशला स्फुरण चढलं.

अंकुश फुंदे आमचा ड्रायव्हर. व्हॅनची वीज, जनरेटर, बॅटऱ्या, सगळं त्याच्या ताब्यात. तो मूळचा बोरसरच्या शेजारच्या वाडीचा आणि अप्पांचा भक्त. मला न विचारता, माझ्यादेखत, त्यानं व्हॅनच्या बाजूचं झाकण उघडलं आणि विकीला म्हणाला, “अध्यक्ष, आपली गाडी कशाला हाय? टाका वायर!”

“अंकुश, थांबा. फ्रिज चालू आहे.”

“मॅडम, हा जनरेटर अख्खी बस ओढतो. एक माईक त्याला काय जड?”

एक माईक असता तर मीही गप्प बसले असते. पण माईकच्या मागोमाग भोंगे आले. भोंग्यांच्या मागोमाग मंचामागचा तो मोठा पडदा आला, ज्यावर अप्पा खऱ्या अप्पांच्या दसपट दिसत होते. मग निरीक्षकांना घाम आला म्हणून दोन मोठे कूलर आले. प्रत्येक वायरीबरोबर जनरेटरचा आवाज बदलत गेला. आधी तो घुमत होता, मग धापा टाकू लागला. आतला एसी गार वारा सोडून नुसता वारा सोडू लागला. चढ लागलेल्या बैलावर आणखी पोती टाकावीत तसं चाललं होतं, आणि बैलाचा मालक टाळ्या वाजवत होता.

अप्पांनी भाषण सुरू केलं. “माझ्या रक्ताच्या नात्याच्या बंधुभगिनींनो!”

त्याच क्षणी फ्रिजमधून टक असा आवाज आला आणि त्याची घरघर थांबली.

मी धावत मागं गेले. वीज तर होती, दिवे मंद का होईना जळत होते. पण दाब इतका खाली आला होता की फ्रिजच्या रक्षणासाठी बसवलेल्या स्टॅबिलायझरनं त्याला बंद करून टाकलं होतं. मी बॅटरीचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं.

“अंकुश! फ्रिजची बॅटरी लागत नाहीये.”

अंकुश भाषण ऐकता ऐकता दारात आला. “ती लागायची नाय आज.”

“का?”

त्यानं गाडीच्या पुढच्या बाजूकडं अभिमानानं बोट केलं. आदल्या रात्रीपासून व्हॅनच्या काचेवर अप्पांचा हार घातलेला फोटो होता आणि त्याभोवती रंगीबेरंगी दिव्यांची माळ लुकलुकत होती. माझ्या हे लक्षात आलं होतं, पण ते दिवे कुणाच्या जिवावर लुकलुकतायत हा प्रश्न मला पडला नव्हता.

फ्रिजच्या दारावरचा तापमानाचा आकडा सहावर होता. रक्त सहाच्या आत ठेवायचं असतं. दहाच्या वर गेलं की ते रक्त राहत नाही, कचरा होतो, आणि जाळून टाकावं लागतं. मी बर्फाची पेटी मागवली. आम्ही ती अशाच वेळेसाठी घेऊन फिरायचो. पेटी मंचाच्या मागं होती. तिच्यात निरीक्षकांसाठी शहाळी गार होत होती, आणि बर्फाचं पाणी झालं होतं.

आकडा सात झाला.

मी विकीला गाठलं. “वायरी काढा. निदान पडदा आणि कूलर काढा.”

“मॅडम, वेड लागलं का? पडद्यावर अप्पा हायत.”

“मंचावरही आहेत.”

“मंचावरचे मागच्यांना दिसत नाहीत.”

“रक्त खराब होईल. साठ माणसांचं.”

विकीनं क्षणभर खरंच विचार केला. “साठ माणसं परत आणू ना,” तो म्हणाला. “बॅगा शिल्लक हायत.”

मी डॉ. चिटणीस यांना फोन लावला. भोंगा इतका जवळ होता की त्यांच्या कानात माझ्याआधी अप्पा गेले.

“भाषण किती वेळ आहे?” त्यांनी विचारलं.

“आता आजोबांपर्यंत आलेत. स्वतःच्या जन्मापर्यंत यायचे आहेत.”

“नलिनी, जरा समजुतीनं घे. सांग त्यांना आटोपतं घ्यायला. पण दुखवू नकोस.”

आटोपतं घ्या अशी चिठ्ठी मी मंचावर पाठवली. अप्पांनी ती वाचली, खिशात घातली आणि म्हणाले, “आत्ताच डॉक्टरांचा निरोप आला आहे, की रक्तदात्यांची गर्दी आवरत नाही!” टाळ्या पडल्या. निरीक्षकांनी मान डोलावली.

आकडा आठ झाला.

ठकूबाई व्हॅनच्या सावलीत बसून नवऱ्याला केळं खायला घालत होती. तिनं माझं तोंड पाहिलं. “काय झालं वो, बाई?”

“फ्रिज बंद पडलाय, मावशी. तुमच्या घरातलं रक्त वाया जाईल.”

“का बंद पडला?”

“भाषण चालू आहे म्हणून.”

ठकूबाईनं मंचाकडं पाहिलं, पडद्यावरच्या अप्पांकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या दंडावरच्या पट्टीकडं. “ह्यानं लगीन झाल्यापास्नं एक काम नीट केलं न्हाई,” ती म्हणाली. “आज एक केलं, तेबी नासवणार?”

मी व्हॅनच्या बाजूच्या झाकणाशी गेले. अंकुश तिथंच हात जोडल्यासारखा उभा होता.

“अंकुश, काढा वायर.”

“मॅडम, पाया पडतो. ह्या हातानं नाय व्हायचं.”

“मग बाजूला व्हा.”

वायरी पाच होत्या. कुठली कशाची ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्या काढल्या.

पडदा काळा झाला. कूलर थांबले. भोंगे “आणि म्हणूनच मी ठामपणे सांगतो की” एवढ्यावर गप्प झाले. मैदानात अशी शांतता पसरली की लांब कुठंतरी एक बकरी ओरडली तीही ऐकू आली. आणि माझ्या पाठीमागं फ्रिज पुन्हा घरघरू लागला.

गंमत पुढंच झाली. अप्पांना काही कळलंच नाही. ते हात उंचावून, मान वेळावून बोलत राहिले. माणसानं काचेपलीकडून भांडावं तसं दिसत होतं. लोक थोडा वेळ पाहत राहिले. मग पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी वाटलं, भाषण संपलं असावं. त्यानं टाळी वाजवली. आणि मग सगळं मैदान असं टाळ्यांनी दुमदुमलं की मी त्या जिल्ह्यात तसा प्रतिसाद नंतर कधी पाहिला नाही. माणसं उभी राहिली. काहींनी शिट्ट्या वाजवल्या. आणि उभे राहिलेलेच आहोत तर, म्हणून सगळे जेवणाच्या मंडपाकडं निघाले.

विकी धावत आला. त्याचा चेहरा केकपेक्षा जास्त वितळला होता. “कुणी काढली वायर? कुणी?”

“मी.”

“तुम्हाला माहीत हाय का काय केलंत? तिकीट गेलं! अप्पांचं तिकीट गेलं!” तो वायर उचलायला वाकला. ठकूबाई झाकणाला पाठ लावून उभी होती. विकीनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या हातातल्या भाजीच्या विळ्याकडं पाहिलं आणि सरळ झाला.

तोवर अप्पा स्वतः आले. मंचापासून व्हॅनपर्यंत चालत येताना त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असणार. त्यांच्यामागं निरीक्षक होते आणि निरीक्षकांच्या मागं कॅमेरे घेतलेले पाचसहा पत्रकार. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. अप्पांचा चेहरा लाल होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, निरीक्षकांकडं पाहिलं, कॅमेऱ्यांकडं पाहिलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो लाल चेहरा विरघळून त्या जागी फलकावरचा चेहरा आला.

“काय झालं, अप्पासाहेब?” निरीक्षकांनी विचारलं.

“काही नाही, साहेब. फ्रिज बंद पडला होता. मीच निरोप पाठवला डॉक्टरांना. म्हटलं, आधी माझी वायर तोडा. हणमंता ढोणेच्या भाषणापेक्षा गरिबाचं रक्त मोलाचं.” मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात, “होय ना, डॉक्टर?”

सगळे कॅमेरे माझ्याकडं वळले. माझ्या हातात फोन होता, त्यावर चिटणीस सरांचं नाव लुकलुकत होतं. मी तो बंद केला.

“होय,” मी म्हटलं. “अप्पांचाच निरोप होता.”

विकीनं श्वास सोडला. अप्पांनी हात जोडले.

“आणि निरोपात पुढं असंही होतं,” मी म्हटलं, “की भाषण थांबलं की लगेच माझी पिशवी घ्या. उशीर नको.”

“वा!” निरीक्षक म्हणाले. पत्रकार आत घुसले.

अप्पांच्या कपाळावर फेट्याखालून घामाची एक धार आली. विकी माझ्या कानाशी लागला, “मॅडम, फोटोपुरती पट्टी लावा. दर साली तसंच असतं.”

“यंदा कॅमेरे जवळ आहेत,” मी म्हटलं. “पट्टीखाली काही नसलं तर दिसतं.”

अप्पा कॉटवर आडवे झाले. मी रीतसर सगळं तपासलं. हिमोग्लोबिन उत्तम होतं, रक्तदाब चढलेला होता पण चालण्यासारखा. नकार द्यायला वैद्यकशास्त्रात काही कारण सापडेना. मी सुईचं टोपण काढलं. रक्तदानाची सुई साधी नसते, चांगली जाड असते. अप्पांनी ती पाहिली आणि ओठ न हलवता म्हणाले, “डॉक्टर, मला सुई सोसत नाही. लहानपणापासून.”

“मला भाषणं सोसत नाहीत,” मी म्हटलं. “तरी ऐकलंच ना.”

दारातून ठकूबाई ओरडली, “अप्पा, डोळं मिटू नका! फोटूत मेल्यावानी दिसतं!”

सुई गेली. अप्पांनी डोळे उघडे ठेवले, पण त्यांत काही उरलं नव्हतं. पत्रकारांनी फोटो काढले, निरीक्षकांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून एक फोटो काढवून घेतला आणि सगळे जेवायला गेले. आत मी आणि अप्पा उरलो. बराच वेळ ते छताकडं पाहत होते. मग हळूच मान वळवून त्यांनी खाली हलणाऱ्या पिशवीकडं पाहिलं.

“ते माझं आहे?”

“तुमचंच.”

“एवढं?”

“अजून थोडं.”

ते पाहत राहिले. “कुणाला देणार?”

“ज्याला लागेल त्याला.”

“त्याला सांगणार, माझं आहे म्हणून?”

“नाही. तसं सांगत नाहीत. त्यालाही नाही आणि तुम्हालाही नाही.”

अप्पांना हे खरोखर समजेना. “मग देणाऱ्याला उपयोग काय?” त्यांनी विचारलं. त्यात चेष्टा नव्हती. मी कापूस दाबून धरायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अप्पा होते. ‘रक्तासाठी भाषण तोडणारा नेता’. चिटणीस सरांनी ते कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बघ, समजुतीनं घेतलं की सगळं जमतं.” पिशवी एकही फुकट गेली नाही. तीन आया आल्या, मुलांना रक्त चढवून घेऊन गेल्या. तिकीट मात्र अप्पांना मिळालं नाही. ते निरीक्षकांच्या भाच्याला मिळालं.

मला वाटलं, संपलं. पण चार महिन्यांनी अप्पा रक्तपेढीत आले, बरोबर विकी आणि फोटोग्राफर. परत चार महिन्यांनी आले. पुढं विकी दुसऱ्या पक्षात गेला, फोटोग्राफर यायचा बंद झाला, जिल्हा परिषदही गेली, फलकांवर दुसरी तोंडं आली. अप्पा येत राहिले. कधी एसटीनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसून. का येतात ते मी कधी विचारलं नाही. सुई टोचताना ते अजूनही छताकडं बघतात आणि मग पिशवी भरेपर्यंत तिच्यावरून नजर काढत नाहीत.

आता ती रक्तपेढी मी चालवते. मागच्या महिन्यात ते आले तेव्हा शेजारच्या कॉटवर पहिल्यांदाच रक्त देणारी एक कॉलेजची मुलगी होती. घाबरलेली. अप्पांनी तिला गोष्ट सांगायला घेतली. गोष्ट दर वेळी वाढते. मैदानात आता पन्नास हजार लोक असतात आणि मंचावर मुख्यमंत्री.

“मग मी काय केलं, पोरी? भाषण अर्ध्यात सोडलं. मंचावरनं उडी टाकली. डॉक्टर घाबरून मागं सरल्या. मी ह्या हातानं ती वायर उपटली. असा स्पार्क उडाला, असा, की शंभर फुटांवरनं दिसला लोकांना!”

मुलगी सुई विसरून माझ्याकडं पाहू लागली. “खरंच, डॉक्टर?”

अप्पांनीही माझ्याकडं पाहिलं. साठी गाठलेला माणूस, दंडाला पट्टा बांधलेला, नळीतून लाल धार पिशवीत उतरतेय.

“मी तिथंच होते,” मी म्हटलं.

“आणि स्पार्क?”

“मोठा उडाला,” मी म्हटलं. “मूठ आवळत राहा, अप्पा.”